काळीतलं घर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत देवाप्पाचा हात म्हणजे शेवटचा शब्द होता. साच्याची वाळू कालवून झाली की कामगार त्याच्यासमोर पाटी धरायचे. देवाप्पा मूठभर वाळू उचलायचा, आवळायचा, मूठ उघडून बोटांचे ठसे नीट उठलेत का बघायचा आणि तो गोळा मधोमध मोडायचा. कड स्वच्छ मोडली तर ‘घ्या’, नाहीतर ‘पाणी कमी करा’. बत्तीस वर्षं हेच. एकदा वाळूतला ओलावा मोजायचं यंत्र घेऊन कुणी टायवाला साहेब आला. देवाप्पानं मूठ आवळून सांगितलं, चार टक्के. यंत्रानं सांगितलं, चार पूर्णांक एक. साहेब हसला, सगळी फाउंड्री हसली, आणि त्या दिवसापासून देवाप्पाला वाटायला लागलं की जगातली सगळी माती आपल्याशी खरं बोलते. माणसाचं कौतुक करावं, पण बेतानं करावं बघा. एकदा ते अंगात भिनलं की उतरायचं नाव घेत नाही.

निवृत्त झाल्यावर तो बायकोला, सुलाबाईला घेऊन आपल्या गावी आला. गाव निपाणीहून चिकोडीकडं जाताना लागतं. नाव सांगून काय करायचं, ती माणसं अजून तिथंच राहतात. देवाप्पाचं जुनं घर बौद्ध वस्तीत, गावाबाहेरच्या मुरमाड माळावर. तिथं कुसळाशिवाय काही उगवायचं नाही, म्हणूनच ती जागा त्यांच्या वाडवडिलांच्या वाट्याला आलेली. चांगली काळी जमीन सगळी गावाची. तंबाखूची, उसाची. देवाप्पाचा आजा त्या काळीत राबला, बाप राबला, आई तंबाखूचा पाला खुडत खुडत खोकून गेली, पण त्या मातीत त्यांच्या मालकीचा एक खुंट कधी रोवला गेला नव्हता. म्हणून देवाप्पानं मनाशी धरलं होतं, घर बांधायचं तर काळीत. हट्ट म्हणा हवं तर, पण हट्टाला कारण होतं.

नागोजी पाटलानं रस्त्याकडेचे तीन गुंठे विकायला काढले ते देवाप्पानं घेतले. कागद झाल्यावर दोघं बांधावर उभे होते. नागोजी वयानं बरोबरीचा, पण लहानपणापासून तो देवाप्पाला अरे-तुरे करायचा आणि देवाप्पा त्याला अहो-जाहो. त्या दिवशीही तसंच.

“देवाप्पा, जागा तुजी झाली,” नागोजी म्हणाला, “पण घराचं जरा इचार करून बघ. हितं आमी गोठा सुदिक बांधला न्हाय कधी.”

एवढंच बोलला तो. आणि देवाप्पाच्या कानात ते कसं शिरलं, तर आमच्या जनावरांनाही जिथं जागा दिली नाही तिथं तू घर बांधणार व्हय? आता त्यानं असं का ऐकावं, असं विचारणाऱ्यानं जरा मागचंही विचारावं. ह्याच नागोजीच्या बापानं देवाप्पाच्या बापाला बांधावर बसून भाकरी खाऊ दिली नव्हती. तीन पिढ्यांचं कानात साठलेलं असलं की सरळ वाक्यही वाकडं होऊन आत जातं. देवाप्पा म्हणाला, “आमी बांधू की आण्णा, त्याची काळजी तुमी करू नका,” आणि फटफटीला किक मारून निघून गेला.

हेच बोलणं दुसऱ्यांदा त्याच्या लेकीनं केलं. एकुलती एक लेक पारमिता. सिव्हिल इंजिनियर, बेळगावात एका कंत्राटदाराकडं पुलांच्या कामावर, सासर काकतीला. पोटात तिसरा महिना असताना ती जागा बघायला आली आणि आल्या आल्या चपलेनं माती उकरायला लागली.

“आप्पा, दोन-तीन ठिकाणचा नमुना काढून तपासायला देऊया. आठवड्यात रिपोर्ट येतोय.”

“कसला रिपोर्ट गं?” देवाप्पानं खाली वाकून ओलसर मातीची मूठ भरली, आवळली, उघडली. बोटांवरच्या रेषासुद्धा त्या गोळ्यावर उठल्या होत्या. त्यानं गोळा मोडला. कड सुरीनं कापल्यासारखी. “बघ. आमच्या वाळूला चिकटपणा यावा म्हणून कंपनी बेंटोनाइट मातीची पोती मागवायची. ही माती जन्मतःच तशी हाय. असली माती मी बत्तीस वर्षांत बघितली न्हाय.”

“तेच म्हणतेय मी. त्या बेंटोनाइटात पाणी घातल्यावर काय होतं?”

“आमी चार टक्क्याच्या वर पाणी घालतच न्हाय.”

“मग पावसाला कोण सांगणार आप्पा, चारच टक्के पड म्हणून?”

देवाप्पा हसला. लेक हुशार आहे ह्याचं त्याला कोण कौतुक होतं. पण पोरीनं आपल्या हाताला नाही म्हणावं, हे काही त्याला रुचलं नाही.

फेब्रुवारीत गवंडी परशरामनं पाया खणायला घेतला. साडेचार फुटांवर तो थांबला आणि म्हणाला, खाली अजून काळीच आहे, मुरूम आठ-नऊ फुटांवर लागेल, तिथवर जाऊया. देवाप्पा खड्ड्यात उतरला, तळाची माती हातात घेतली आणि तिथंच थांबवायला सांगितलं. परशराम म्हणाला, मालक म्हणतील तसं. गवंड्याचं काय, राहायचं त्याला थोडंच असतं. मागं जागा अपुरी म्हणून सेप्टिक टाकी मागच्या खोलीला लागूनच बसली आणि तिचं पाणी मुरवायचा शोषखड्डा तिच्यापलीकडं सहा फुटांवर. खड्डा पाणी पितोय का बघायला देवाप्पानं त्यात दोन पिंपं ओतली. एप्रिल होता, आणि उन्हाळ्यात काळीला पडतात तशा हातहात भेगा पडल्या होत्या. बिडी ओढून होईस्तोवर पाणी नाहीसं झालं. त्यानं तिथनंच लेकीला फोन लावला.

“ते मुरलं न्हाय आप्पा,” पारमिता म्हणाली. “भेगांतनं पळालं. पावसाळ्यात काळी फुगती, भेगा मिटत्यात. मग टाकीचं पाणी कुठं जाणार? घराखालीच येणार.”

“तू पूल बांध बाई. हे माझ्यावर सोड.”

ती म्हणाली, “ठीक हाय. घर तुमचं हाय,” आणि त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

बुद्धपौर्णिमेला ती दोघं नव्या घरात राहायला आली. वंदना झाली, वस्तीतली सगळी माणसं जेवून गेली. सुलाबाईचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत, चार बिऱ्हाडांत मिळून एका संडासावर गेलेला. ती दिवसातून दोनदा नव्या संडासाची फरशी पुसायची आणि पुसून झाली की दारात उभी राहून बघत बसायची. देवाप्पा संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा. रस्त्यानं जाणारायेणारा मान वळवून बघायचा आणि देवाप्पाला फार बरं वाटायचं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, मागच्या खोलीची खिडकी उघडायला गेलेल्या देवाप्पाला तिच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेली एक तिरपी रेघ दिसली. केसाएवढी. त्यानं नखानं ती चाचपली. नख तिच्यात अडकलं.

फाउंड्रीत एकदा बेंटोनाइटचं पोतं पागोळ्यांखाली राहून गेलं होतं, ते त्याला लख्ख आठवलं. दोन दिवसांच्या पावसात ते पोतं दुप्पट फुगलं होतं आणि शिवण फाडून बाहेर आलं होतं. त्यानंच ते फावड्यानं भरून टाकलं होतं. म्हणजे त्याला माहीत होतं हो. लेकीनं विचारलं तेव्हाही माहीत होतं. हाताला ठाऊक होतं आणि तोंडानं सांगितलं नाही.

पण तीन दिवसांनी, गुरुवारी, पारमिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. आल्या आल्या तिला ही भिंत दाखवायची? देवाप्पानं ट्रंकेतून आपली जुनी थापी काढली. साच्याची कड ढासळली की ती सावरायला मोल्डर वापरतात ती, पिंपळपानाएवढी पितळी. पांढरं सिमेंट, चाळलेली वाळू, थोडा चुना. अर्ध्या तासात रेघ गेली. त्यानं वरून ओला फडका फिरवला, रंगाचा हात दिला आणि लांब जाऊन बघितलं. स्वतःलाही जागा सापडेना. प्लास्टरची रेघ असते अशी, सगळ्या नव्या घरांना येते, असं तो मनाशी म्हणाला. आणि एकदा मनाशी म्हणाल्यावर माणूस ते दहादा म्हणतो.

गुरुवारी पारमिता आली. पोट पुढं आलेलं, पाय सुजलेले. तरी चहाच्या आधी तिनं सगळं घर हिंडून बघितलं. खिडक्यांचे कोपरे, दारांच्या चौकटी, स्लॅबच्या कडा. मागच्या खोलीत ती खिडकीपाशी वाकली, भिंतीवरून तळवा फिरवला, बोटांनी टकटक केलं. देवाप्पा दारात उभा होता.

“आप्पा,” ती सरळ होत म्हणाली, “चांगला पाऊस झाला की हितं. आणि एक भेग न्हाय. मी हरले बघा. तुमचा हात खरा.”

तेव्हा बोलायला हवं होतं. तीन शब्दांचं काम होतं. सुलाबाई आतून म्हणाली, “बापाला नावं ठेवत हुतीस न्हवं?” आणि लेक हसली, आणि देवाप्पाही हसला. “जाऊ दे गं,” म्हणाला, “चहा घे.”

बाळंतिणीची खोली म्हणून मागचीच ठरली. वारं कमी, न्हाणी शेजारी. खाट त्याच भिंतीला लागली.

जुलै उजाडला आणि काळीनं आपलं काम सुरू केलं. मागच्या खोलीचं दार चौकटीत अडकायला लागलं, देवाप्पानं त्याला रंधा मारला. आठ दिवसांनी परत अडकलं, परत मारला. फरशी मधोमध उचलली. तिच्यावर ठेवलेला पेला आपोआप कडेला सरकायचा, म्हणून त्यानं तिथं सतरंजी अंथरली. संडासात पाणी ओतलं की भांड्यातून बुडबुडे यायचे आणि पाणी उतरायला वेळ लागायचा. सुलाबाईनं विचारलं तर म्हणाला, पाईपात हवा अडकलीय. मागं शोषखड्ड्याच्या झाकणाभोवती काळं पाणी साचून उभं होतं, आणि ते मुरत नव्हतं, हलत नव्हतं. घाण मुकाट्यानं पायाखाली शिरत होती, हे देवाप्पाला कळत होतं. त्याचं जेवण उतरेना. सुलाबाईला वाटलं, नातवंडाची काळजी लागली असेल.

चोवीस तारखेला निपाणीच्या दवाखान्यात मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी ती घरी आली, त्या खोलीत, त्या खाटेवर.

त्या दिवसापासून देवाप्पाचा दिवस ठरून गेला. सकाळी आठला सुईण जयाबाई यायची. तेल, अंघोळ, शेक, धुरी, सगळं मिळून तासभर मायलेकी न्हाणीत. तो तास देवाप्पाचा. दार लोटून घ्यायचा आणि भिंतीशी बसायचा. रेघ आता रेघ राहिली नव्हती. विटांच्या सांध्यांतून ती पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढली होती, खिडकीच्या कोपऱ्यातून पार स्लॅबपर्यंत, आणि करंगळी जाईल एवढी रुंद झाली होती. तो तिच्यात विटांचे तुकडे ठोकायचा, सिमेंटात भिजवलेलं गोणपाट कोंबायचा, वरून थापी फिरवायचा. न्हाणीतून जयाबाईचं गाणं ऐकू यायचं, बाळाचं रडणं ऐकू यायचं. रडणं थांबलं की त्याचा हात भराभर चालायचा. असली सुंदर कारागिरी त्यानं फाउंड्रीतसुद्धा केली नसेल. इतकी सुंदर की पोटच्या इंजिनियर पोरीला पत्ता लागू नये.

त्यानं आडून आडून प्रयत्न केले, नाही असं नाही.

“पारू, खाट हिकडं मधी घे की. खिडकीतनं वारं लागंल.”

“खिडकी बंदच असती की आप्पा.”

“मग पुढच्या खोलीत झोप. उजेड हाय, मोकळं हाय.”

“तिथं सारखी माणसं येत्यात. हितंच बरं हाय. भिंतीला पाठ लावून बसलं की पाजायला सोपं जातं.”

तो भिंतीकडं बघत राहिला. दुपारी घर निजलं की भिंतीच्या आतून ‘टक्’ असा आवाज यायचा. मग बराच वेळ काही नाही. मग परत ‘टक्’. देवाप्पा खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि पुढचा आवाज कधी येतो त्याची वाट बघायचा. सुलाबाई जावयाला फोनवर सांगायची, आजोबा नातीला सोडून हलत न्हाईत.

ऑगस्टच्या मध्यावर नागोजी बाळाला बघायला आला. झबलं-टोपडं आणलं होतं, पारमिताच्या हातावर टेकवलं, दोन शब्द बोलला. जाताना तो घराला वळसा घालून मागं गेला आणि शोषखड्ड्यापाशी छत्री धरून उभा राहिला. देवाप्पा मागोमाग आला.

“देवाप्पा,” नागोजी हळू आवाजात म्हणाला, “मागनं जोतं वर उचललंय बघ. काळी फुगलीया. बाळंतिणीला हितं ठेवू नगंस. आमच्याकडं माडीवर खोली मोकळी हाय, चार महिनं ऱ्हाऊ दे तिला.”

देवाप्पाचे डोळे भरून आले होते. कुणीतरी ते बोललं होतं. आता फक्त ‘व्हय’ म्हणायचं होतं. पण ते ‘व्हय’ नागोजी पाटलाला म्हणायचं होतं, आणि त्याच्या माडीवर लेकीला पाठवायचं होतं, आणि उद्या सगळ्या गावानं म्हणायचं होतं की ह्यांना काळी झेपली नाही. त्याच्या तोंडून निघालं ते असं.

“आमचं घर तुमाला बघवत न्हाय न्हवं आण्णा?”

नागोजीनं त्याच्याकडं बघितलं. “तसं न्हाय रं,” एवढंच म्हणाला आणि चिखलातून निघून गेला. देवाप्पा तिथंच उभा राहिला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकवेना.

नामकरण ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ठरलं. नाव ठरलं होतं आरोही. काकतीची माणसं येणार होती, वस्तीतल्या बायका येणार होत्या. त्याच्या आधी चार दिवस पाऊस थांबला नाही. शनिवारी सकाळी देवाप्पानं त्याच्या तासात भिंत शेवटची भरली आणि कार्यक्रम आहे म्हणून तिला वरपासून खालपर्यंत पांढरा रंग दिला. पारमिता न्हाणीतून आली, म्हणाली, “कशाला एवढं आप्पा?” आणि खुशीत हसली.

रविवारी सकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या खोलीत आणि ताडपत्रीच्या मांडवात पुरुष. मागच्या खोलीत पाळणा टांगलेला, त्यात आरोही, आणि भोवती वीस-पंचवीस बायका, कुणी खाटेवर, कुणी सतरंजीवर, अर्ध्या त्या भिंतीला पाठ टेकून. वंदना झाली. आता पाळणा म्हणायचा होता. देवाप्पा फुलांचं ताट घेऊन खोलीत आला आणि भिंतीशेजारून पुढं जाताना थांबला. आतून वाळू ओघळत होती. बारीक, सारखी. सुपात तांदूळ सरकवावेत तशी. त्यानं तळवा लावला. भिंत ओली होती आणि थरथरत होती.

“उठा,” तो म्हणाला.

कुणी लक्ष दिलं नाही.

“उठा सगळ्या. भायेर चला. पारू, पोरीला घे.”

“काय झालं आप्पा?”

“ही भिंत पडणार हाय.”

बायका भिंतीकडं वळून बघायला लागल्या. पांढरीशुभ्र, गुळगुळीत भिंत, डाग नाही की ओरखडा नाही. काकतीकडची एक म्हातारी हसून म्हणाली, आजोबांना नातीची दृष्ट लागायची भीती वाटतीया. दोघी-तिघी हसल्या. पारमिता उठली, भिंतीपाशी आली आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

“आप्पा, भिंतीला काय झालंय? मी रोज बघतेय की. ठणठणीत हाय. तुम्ही चार रात्री झोपला न्हाईत म्हणून तसं वाटतंय तुम्हाला. चला, बसा.”

तिचा आवाज इतका मायेचा होता की देवाप्पाला तिथंच बसावंसं वाटलं. बसला असता तर सगळं तसंच राहिलं असतं, निदान पाळणा संपेपर्यंत. त्यानं ताट खाली ठेवलं, पाळण्याची कडी ठोकायला आणलेली हातोडी खिडकीतून उचलली आणि आपण काल घोटलेल्या भिंतीवर घातली.

हातभर रुंद पापुद्रा सुटून खाटेवर पडला. आतून गोणपाट बाहेर आलं. त्यानं ते धरून ओढलं तसं ते येतच राहिलं, ओलं, काळं, वावभर. त्याच्यामागं विटांचे तुकडे घरंगळले. आणि भिंतीत वरपासून खालपर्यंत एक फट उघडली, तिच्यातून बाहेरचा पाऊस दिसत होता.

कुणी ओरडलं नाही. बायका उठल्या, पोरं कडेवर घेतली आणि एकमेकींना धरून बाहेर निघाल्या. सुलाबाईनं पाळण्यातून आरोहीला उचललं. पारमिता मात्र जागची हलली नाही. ती त्या फटीकडं बघत होती, मग खाली पडलेल्या गोणपाटाकडं, सिमेंटाच्या एकावर एक बसलेल्या थरांकडं. तिला वाचता येत होतं ते. तिचा धंदाच तो होता.

“कधीपासनं?” तिनं विचारलं.

“भायेर चल आधी.”

“कधीपासनं आप्पा?”

“तू यायच्या आदल्या सोमवारपासनं.”

तिनं डोळे मिटले आणि उघडले. “मला सांगितलं असतं तर एका दिवसात टेकू लावून घेतले असते. पाणी दुसरीकडं वळवलं असतं. न्हायतर आम्ही तुमच्या जुन्या घरात राहिलो असतो.” ती थांबली. “मी तिला ह्या भिंतीला पाठ लावून पाजलं आप्पा. महिनाभर. तुम्ही दारात बसून बघत होता.”

पारमिता बाहेर पडली. तो तिच्या मागोमाग बाहेर आला.

सगळी मांडवात दाटीनं उभी होती. ताटं अजून वाढली नव्हती. तासाभरानं मागून आवाज आला, फार मोठा नाही, ट्रॉलीतून विटा ओताव्यात एवढाच. दोघं-तिघं जाऊन बघून आले. खिडकीसकट अर्धी भिंत आत पडली होती. खाट विटांखाली मोडून गेली होती. हे ऐकून सुलाबाई नातीला छातीशी धरून रडायला लागली. देवाप्पाकडं तिनं बघितलं नाही.

जावयानं गाडी मांडवापाशी आणली. पारमिता आणि बाळ आजच काकतीला जाणार होती, सुलाबाईही बरोबर. बाळंतिणीला एकटं कसं सोडायचं. काकतीचे व्याही, शाळेतून निवृत्त झालेले शांत गृहस्थ, छत्री घेऊन देवाप्पापाशी आले. भोवती सगळी वस्ती उभी होती. रस्त्याच्या कडेला आवाज ऐकून आलेली गावातली माणसं होती, त्यांच्यात मागं नागोजी.

“असं कसं झालं हो एकदम?” व्याह्यांनी विचारलं. “आधी काही दिसलं न्हाय?”

देवाप्पानं तोंड उघडलं. त्याच्या आधी पारमिता बोलली, गाडीच्या दारात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“काळी माती हाय मामा. आतून फुगती, बाहेर काही दिसत न्हाय. मलाच कळलं न्हाय, तिथं आप्पांना काय कळणार? त्यांना मातीतलं काही कळत न्हाय.”

व्याह्यांनी समजुतीनं मान हलवली. गर्दीतून कुणीतरी हळहळलं. देवाप्पानं लेकीकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती, डोळे कोरडे, आणि वाट बघत होती. तिनं त्याला सगळ्यांसमोर सोडवलं होतं, आणि आता त्याला ते घ्यायचं होतं.

“व्हय,” देवाप्पा म्हणाला. “मला कळलं न्हाय.”

पारमितानं सुलाबाईच्या हातून आरोहीला घेतलं आणि गाडीचं दार ओढून घेतलं.